मेन बंद आहे, तरीही

माझ्या काकूला आमच्या गल्लीत कुणी नावानं ओळखत नाही. सगळे तिला ‘वायरमनकाकू’ म्हणतात. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास हसतो, कारण वायरमन आणि काकू हे दोन शब्द एकाच माणसाला कसे लागू पडायचे? काकूला त्यात विनोद वाटत नाही. “वायर मी ओढते आणि मॅन खाली बसलाय, बरोबरच आहे की,” असं ती एकदा भरल्या घरात म्हणाली होती. त्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसले ते खाली बसणारे काकाच.

काकू बुटकी आहे. अंगात काकांचा जुना शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात टेस्टर आणि पायात जाड रबरी तळाच्या चपला. चेहरा असा, की बघणाऱ्याला वाटावं ही आत्ता कुणाला तरी रागावणार आहे. पण ती रागावत नाही. ती फक्त आधी सगळं नीट बघून घेते.

लग्न झाल्यापासून ती काकांच्या कामाला बरोबर जायची. काका वर आणि काकू खाली, असा त्यांचा अर्धा संसार शिडीवर झाला. ती शिडी धरायची आणि वर हत्यारं द्यायची. काका नुसते खाकरले तरी त्यांना पक्कड हवी आहे की स्क्रू ड्रायव्हर, हे तिला कळायचं. गाडी अशी रुळावर चालली होती, आणि मग तो दवाखाना आला.

तिथल्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीसाठी नवीन एलईडी ट्यूबा आणल्या होत्या. बाकांवर पेशंट बसलेले, आत कसलं तरी यंत्र चालू. मेन बंद करू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलेलं. काकांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. ट्यूब विझली. काका शिडीवर चढले, जुनी ट्यूब काढली, ट्यूब बसते त्या पट्टीतल्या तारा रबरी मुठीच्या पकडीनं बदलल्या आणि नवीन ट्यूबचं एक टोक होल्डरमध्ये बसवलं. दुसरं टोक तळहातात होतं आणि अंगठा पिनांवर.

वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. बटण असायला हवं येणाऱ्या तारेवर. त्या इमारतीत ते कुणीतरी कधीकाळी परतीच्या तारेवर बसवलं होतं. म्हणजे बटण बंद केलं की दिवा विझायचा, पण वीज होल्डरपर्यंत येऊन दबा धरून बसलेली असायची. जुन्या काचेच्या ट्यूबचं एक टोक बसवलं आणि दुसरं हातात राहिलं, तरी सहसा निभावून जायचं, कारण पेटलेली नसताना ती वीज आरपार जाऊ देत नाही. नवीन ट्यूबचं पोट वेगळं. काही ट्यूबांना एका टोकाला एक तार आणि दुसऱ्या टोकाला दुसरी तार लागते. त्यांच्या एका टोकात वीज शिरली, की आतल्या आत ती दुसऱ्या टोकाच्या पिनांवर येऊन उभी राहू शकते.

काकांच्या तोंडून आवाजही निघाला नाही. नुसता एक हिसका बसला आणि ते शिडीवरून खाली आले.

जीव वाचला. शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, “करंटनं सोडलं गं, पण फरशीनं धरलं.” खांद्याचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण उजवा हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही. वायरमनचा हात वर जात नसेल तर त्याचं सगळं कामच बंद. छत काही खाली येत नाही.

अर्धवट राहिलेल्या कामांचे फोन यायचे आणि काका ते वाजू द्यायचे. एका सकाळी काकूनं तो फोन उचलला आणि “येते,” म्हणाली. काका बघतच राहिले.

“कोण येतं म्हणालीस?”

“मी. मी चढते, तुम्ही खालून सांगा.”

“अगं, तुला जमेल का?”

“शिडी धरून धरून हात दुखले माझे. जरा पायांना काम देते.”

काकांची आई, म्हणजे माझी आजी, तेव्हा होती. तिनं कपाळाला हात लावला. “एकाचा भांग पाडतेय तेवढं पुरे आहे मला,” ती म्हणाली. “तू पण हात मोडून आलीस तर तुझी वेणी कोण घालणार?” पण जाऊ नकोस, असं काही ती म्हणाली नाही. काकू निघाली तेव्हा आजीच दारापर्यंत शिडी घेऊन आली.

काकू पुढे वर्गाला जाऊन रीतसर शिकली, परीक्षा दिली, परवाना मिळवला. वर्गात ती एकटीच बाई होती आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. प्रश्न बहुतेक एकाच गोष्टीभोवती फिरायचे. तार मेली आहे हे नक्की कसं कळणार? दिसत नाही, वास येत नाही, आवाज करत नाही. मग ‘बंद आहे’ हे म्हणायचं कुणाच्या भरवशावर?

तिथूनच तिची ती पद्धत सुरू झाली. घर असो की दुकान, एक ट्यूब असो की सगळी इमारत. आधी सगळे दिवे लावायचे. मग चालू वीज असलेल्या ठिकाणी टेस्टर लावून तो खरं बोलतोय ना, हे बघायचं. मग मेन पाडायचा आणि दिवे विझताना बघायचे. मेनच्या दांड्याला स्वतःचं कुलूप, किल्ली शर्टाच्या खिशात. मग पुन्हा टेस्टर, जिथे हात घालायचा त्या प्रत्येक तारेवर. शिडीसुद्धा तिनं लाकडी घेतली. ॲल्युमिनियमची हलकी शिडी घ्या, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं, पण नाही.

लोक कंटाळायचे. “अहो काकू, एक ट्यूब तर बदलायचीय!”

“मीपण एकच आहे,” काकू म्हणायची.

आणि काका? काका तिच्याबरोबर जायचे. त्यांनी स्वतःच एक काम शोधून काढलं होतं. मेनसमोर स्टूल टाकायचं आणि बसायचं. कुलूप होतं, तरी बसायचं. कुणी “वीज कधी येणार?” म्हणत बोर्डाकडे आलं, की काका नुसती मान हलवायचे. एवढ्या शांत माणसाला कुणी ढकलून पुढे जात नाही.

आता मूळ गोष्ट सांगते. मी शिवणकामाच्या एका कारखान्यात कापड कापायचं काम करते. कारखाना म्हणजे एक लांबलचक हॉल. पूर्वी त्या दोन वेगळ्या जागा होत्या, मधली भिंत पाडून एक केल्या. भिंत होती तिथे फरशीचा रंग बदलतो. आम्ही बायका पुढच्या भागाला ‘माहेर’ म्हणायचो आणि मागच्याला ‘सासर’, कारण मागे उजेड कमी आणि उकाडा जास्त. डोक्यावर जुन्या ट्यूबा. त्यांची टोकं काळी पडलेली, चोक दिवसभर गुणगुणत असायचे, आणि एखादी ट्यूब अशी मिचमिच करायची की सुईत दोरा ओवताना डोळ्यांना धारा लागायच्या. काळ्या कापडावर काळी शिवण घालायची म्हणजे तर आंधळी कोशिंबीरच.

आमच्या मालकीणबाईंनी शेवटी एलईडी ट्यूबा आणल्या. बसवायला कोण, म्हटल्यावर मी काकूचं नाव सांगितलं. सुट्टीचा दिवस ठरला. मशीनवर कापडं टाकायला आणि टेबलं सरकवायला मी गेले, आणि देखरेखीला आमचे मास्तर आले.

मास्तर म्हणजे कारखान्याचे कटिंग मास्तर. उंच, सडपातळ, गळ्यात सदा मोजायची टेप. मनानं फार चांगला माणूस, पण घाई जन्मजात. त्यांच्या व्याकरणात एकच काळ, ‘आत्ता’. काकूला मदत व्हावी म्हणून त्यांनी आदल्या संध्याकाळीच सगळ्या जुन्या ट्यूबा काढून कोपऱ्यात मोळीसारख्या उभ्या करून ठेवल्या होत्या. छताला नुसत्या रिकाम्या पट्ट्या.

काकू दारात थांबली. “मास्तर, हे काय केलंत?”

“तुमचं काम हलकं केलं!”

“हलकं नाही, जड केलंत.” ती रागावली नव्हती, पण भुवया वर गेल्या होत्या. “दिवे लावून मेन पाडला की कोण विझतं आणि कोण नाही, ते दिसतं मला. तुम्ही तर साक्षीदारच उठवून कोपऱ्यात उभे केलेत.”

मास्तर हसले. “मेन पाडला की सगळंच जातं हो काकू. जाणार कुठं?”

काकूनं पुढच्या भागातल्या एका प्लगमध्ये टेस्टर घातला. लाल दिवा लागला. मग मेन पाडला, कुलूप घातलं, पुन्हा त्याच प्लगमध्ये टेस्टर घातला. दिवा नाही. काका स्टुलावर बसले आणि त्यांनी पाय लांब केले.

काम पुढून सुरू झालं. काकूनं खोक्यातून ट्यूब काढून त्यावरची बारीक अक्षरं नाकाजवळ धरून वाचली. सगळ्या दोन टोकांच्या होत्या, म्हणजे एका टोकाला एक तार आणि दुसऱ्याला दुसरी. “हीच ती जात,” ती काकांना म्हणाली. मग एकेक पट्टी उघडायची, टेस्टर लावायचा, चोक आणि स्टार्टर काढायचा, तारा नव्यानं जोडायच्या, झाकण लावायचं, आणि पट्टीवर एक चिठ्ठी चिकटवायची: ‘चोक काढला आहे. जुनी ट्यूब लावू नये.’ मग ट्यूब बसवायची. मी खालून हत्यारं देत होते.

मास्तर येरझाऱ्या घालत होते. थोड्या वेळानं त्यांना राहवेना. “काकू, असं करू या का? तुम्ही तारा जोडत या. मी मागून ट्यूबा अडकवत येतो. दोन्हीकडून काम होईल, आत्ता आटपेल.”

“नको. मी तपासल्याशिवाय तुम्ही कशालाच हात लावायचा नाही.”

“बरं, बरं.”

पुढचा भाग झाला. आम्ही शिडी उचलून सासरी, म्हणजे मागच्या ओळीत नेली. काकू चढली, पहिली पट्टी उघडली आणि सवयीनं टेस्टर लावला.

टेस्टरमधला लाल दिवा लागला.

मी खालून तो पाहिला. आधी मला वाटलं, खिडकीतलं ऊन चमकलं असेल. काकूनं टेस्टर काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. पुन्हा दिवा. तिनं मान न वळवता हाक मारली, “अहो, मेन?”

“बंद आहे,” काका पुढून म्हणाले. “मी समोर बसलोय. कुलूपही तसंच आहे.”

मग काकूनं मान वळवली, आणि त्याच वेळी मीही. त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला, कापड कापायच्या टेबलावर मास्तर चढलेले होते. एवढ्याशा वेळात त्यांचं ‘बरं, बरं’ हवेत विरून गेलं होतं. हातात नवीन ट्यूब. तिचं एक टोक पट्टीतल्या होल्डरमध्ये गेलेलं आणि दुसरं ते तळहातानं वर दाबायच्या बेतात. पिना आणि तळहात यांच्यात बोटभरही अंतर नव्हतं.

मी ओरडणार होते. तोंड उघडलंही होतं. काकूचा पाय शिडीवरून खाली आला आणि माझ्या खांद्यावर टेकला, घट्ट. गप्प बस, असं तो पाय म्हणाला.

आणि मग काकू बोलली ती अशा आवाजात, जसं कुणी चहात साखर किती विचारावं.

“मास्तर, जरा थांबता का? ट्यूब मधोमध धरा. हां, डावा हात मधे. आता उजवा हातपण मधेच आणा.”

“का? बसतेय ती.”

“बसतेय हो, पण मला एक चिठ्ठी लावायची राहिलीय. मधे धरा. टोकाला हात नको. छान. आता बसवलेलं टोक हळू फिरवा आणि खाली काढा. टोकांना हात न लावता. आली का बाहेर?”

“आली.”

“आता टेबलावर ठेवा. आणि खाली या.”

मास्तर खाली उतरले. त्यांचे दोन्ही पाय जमिनीला लागल्यावर काकूनं श्वास सोडला. मला तो शिडीखाली ऐकू आला.

“काय झालं काय?” मास्तरांनी विचारलं.

“काही झालं नाही. इकडे या, दाखवते.” तिनं टेस्टर पुन्हा पट्टीतल्या तारेला लावला. दिवा लागला. मास्तर त्या लहानशा दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी टेबलावरच्या ट्यूबकडे पाहिलं, मग स्वतःच्या तळहाताकडे.

“पण मेन बंद आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“मेन बंद आहे, तरीही,” काकू म्हणाली.

ती शिडीवरून उतरली आणि चिंध्यांच्या पोत्यावर बसली. टेस्टर बाजूला ठेवला. काका स्टूल सोडून आले. मेनसमोरून काम चालू असताना ते उठलेले मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी डाव्या हातानं तिची दोन्ही मनगटं धरून ठेवली. मी पाणी आणलं. आधी काकूला दिलं, तर तिनं मास्तरांकडे बोट केलं. मास्तर जमिनीवरच बसले होते, भिंतीला पाठ लावून, गळ्यातली टेप मुठीत धरून.

“मी पिनांवरच हात ठेवणार होतो,” ते म्हणाले. “अशीच दाबून बसवतो ना आपण.”

“मीपण असाच ठेवला होता,” काका म्हणाले.

मग काकांनी त्यांना दवाखान्याची सगळी गोष्ट सांगितली. आम्ही घरचे, पण आम्हीही ती त्यांच्या तोंडून कधी अशी सलग ऐकली नव्हती. हिसका बसला तेव्हा काय वाटलं, तेही सांगितलं. म्हणाले, हात माझा होता, पण माझं ऐकत नव्हता. अंग जड झालं, म्हणून पडलो आणि पडलो म्हणून सुटलो. मास्तरांनी विचारलं, “तुम्हाला कुणी थांबवलं नाही?” काकांनी काकूकडे पाहिलं. “तेव्हा आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर हिनं मला शिडीवरून खाली ओढलं असतं, कपड्यांसकट.”

“कपड्यांशिवाय कसं ओढतात?” काकू म्हणाली, आणि सगळ्यांत आधी तिलाच हसू फुटलं. मग मास्तरांना. मग आम्ही सगळे असे हसत सुटलो, की पाहणाऱ्याला वाटलं असतं इथे कुणाचं तरी लग्न जमलंय. हसता हसता मास्तरांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले, आणि आम्ही ते पाहिलं नाही असं केलं.

पण वीज येत होती ती कुठून? हसणं ओसरल्यावर हा प्रश्न उरला. मागच्या भिंतीपलीकडे पुस्तकांची बाइंडिंग करणाऱ्या एका आजोबांचं दुकान आहे. काकू त्या भिंतीकडे बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, “ही मागची खोली आधी कुणाची होती?”

मास्तर आठवून म्हणाले, “बाइंडिंगवाल्यांचीच. त्यांनी सोडली, मग आपण घेतली आणि मधली भिंत पाडली.”

“भिंत पाडली. तारा कुणी पाडल्या?”

कुणीच नाही, हे उघड होतं. आजोबा सुट्टीच्या दिवशीही दुकानात असायचे. मी त्यांना बोलावून आणलं. हातांना बाइंडिंगची खळ लागलेली असतानाच ते आले, सगळं ऐकलं आणि परत जाऊन त्यांच्या बोर्डासमोर उभे राहिले. वरच्या झरोक्यातून आवाज आरपार जायचा. काकू शिडीवर टेस्टर लावून, आजोबा पलीकडे एकेक बटण बंद करत.

“गेली?”

“नाही!”

“आता?”

“अजून आहे!”

“आता तरी?”

“नाही हो आजोबा, आहे!”

“आता एकच बटण राहिलं,” पलीकडून आवाज आला, “पण त्यावर तर मीच चिठ्ठी लावलीय.”

“काय लिहिलंय?”

“‘हात लावू नये.’”

“लावा हात,” काकू म्हणाली.

टेस्टरमधला दिवा विझला. “गेली!” काकू ओरडली, आणि मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

आजोबा परत आले ते चेहरा उतरलेला घेऊन. “ते बटण कशाचं आहे हे मला कधी कळलंच नाही. बंद केलं तर काय बिघडेल कुणास ठाऊक, म्हणून चिठ्ठी लावली. म्हणजे इतकी वर्षं माझ्या दुकानातली वीज तुमच्या डोक्यावर लटकत होती?”

“चिठ्ठी बरोबरच होती, आजोबा,” काकू म्हणाली. “फक्त भिंतीच्या या बाजूला लावायला हवी होती.”

आजोबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी जाऊन आपला मेनच पाडला आणि म्हणाले, तुमचं होईपर्यंत मी वाचत बसतो, बांधायच्या पुस्तकांत काय लिहिलंय ते मला तरी कधी कळणार? काकूनं दोन्ही मेन बंद असताना मागच्या ओळीची तार त्यांच्या बोर्डावरून कायमची तोडली, टोकं बंद केली, आणि आमच्या बोर्डावरून नवीन तार ओढून आणली. प्रत्येक पट्टी पुन्हा तपासली. मास्तर आता हात मागे बांधून उभे होते, आणि मधूनच विचारत होते, “काकू, मी बघू का, की नुसतं उभं राहू?”

“नुसतं उभं राहा. फार छान उभे राहता तुम्ही.”

उन्हं कलल्यावर काकूनं कुलूप काढलं आणि काकांना म्हणाली, “उठवा.” काकांनी डाव्या हातानं मेन वर केला. सगळा हॉल एकदम उजळला, माहेर आणि सासर एकसारखं. चोकची गुणगुण नाही, मिचमिच नाही. इतकी शांतता होती की मी सहज माझी कात्री चालवून पाहिली तर तिची किंचित कुरकुर ऐकू आली, आणि ती कात्री इतके दिवस कुरकुरत होती हेही तेव्हाच कळलं.

सुट्टीनंतर बायका कामावर आल्या तेव्हा दारातच थबकल्या. मागच्या ओळीत बसणारी आमची सगळ्यांत जुनी कारागीर, जिला आम्ही मावशी म्हणतो, ती मशीनवर बसली, समोरचा सदरा उजेडात धरला आणि म्हणाली, “ही शिवण वाकडी जातेय, आणि तुम्ही एकीनंही सांगितलं नाही?” सगळ्या हसल्या. मग आम्ही त्यांना सुट्टीच्या दिवशीची गोष्ट सांगितली. हसणं एकदम थांबलं. मावशी म्हणाली, “तरीच. बाइंडिंगवाल्यांची मोठी मशीन चालू झाली, की आमची मागची ओळ मिचकायची. आम्ही म्हणायचो, सासरचा दिवाही सासरसारखाच.” वर्षानुवर्षं ही गोष्ट मागच्या सगळ्या बायकांना माहीत होती. त्यातून काही कळतं, हे मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

मालकीणबाईंनी दोन्ही जागांची वायरिंग पुन्हा तपासून घेतली आणि बोर्डावर असं बटण बसवून घेतलं, की वीज कुणाच्या अंगातून जायला लागली तर ते आपोआप पडतं. काकूनं ते बसवलं, पण बजावून सांगितलं, “हे आहे म्हणून मेन चालू ठेवून वर चढायचं नाही. छत्री आहे म्हणून कुणी नदीत उडी मारतं का?”

काही दिवसांनी मी काकूकडे बसले होते, तेव्हा दारात एक बाई आल्या. मास्तरांची बायको. त्यांना आम्ही कुणीच पूर्वी पाहिलेलं नव्हतं. त्या आत आल्या आणि काकूसमोर बसल्या.

“ते त्या दिवशी घरी आले,” त्या म्हणाल्या, “आणि न सांगता सगळी भांडी घासली. तेव्हाच मला कळलं, काहीतरी झालंय. खोदून खोदून विचारलं तेव्हा सांगितलं. तेही हसत हसत. मला नाही हो हसू आलं.”

काकूनं त्यांचा हात हातात घेतला. काका आत जाऊन चहाचं आधण ठेवून आले. चहा होईपर्यंत त्या बाई रडल्या, आणि चहा झाल्यावर म्हणाल्या, “मला एक शिकवाल का? आमच्या घरी मेन कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नाही.”

“चला,” काकू म्हणाली आणि चपला घातल्या. मीही गेले.

मास्तरांच्या घरी मेन दारामागे होता, टांगलेल्या पिशव्यांच्या आड. पिशव्या काढल्या. काकूनं बाईंच्या हातात टेस्टर दिला, कसा धरायचा ते दाखवलं, चालू प्लगमध्ये दिवा लागलेला दाखवला. मग म्हणाली, “आता तुम्ही पाडा.”

बाईंनी आधी दांड्याला नुसतं बोट लावलं, मग सगळा हात लावला आणि खाली ओढला. घरातला पंखा मंद होत थांबला. आतल्या खोलीतून मास्तरांचा आवाज आला, “अगं, वीज गेली!”

“गेली नाही,” बाई टेस्टर प्लगमध्ये घालून बघत म्हणाल्या, “मी घालवली. जरा बसा तिथेच.”